‘सामाजिक करार’ : करार, कौल आणि पैरा

प्रश्न : नागरिकशास्त्रावरील एका मजकुराचे भाषांतर करताना ‘सामाजिक करार’ या शब्दापाशी मी पुनःपुन्हा अडखळतो. करार म्हटले की अकरा महिन्यांचा भाडेकरार, मुद्रांक आणि दोन साक्षीदार डोळ्यांसमोर येतात. व्यक्ती आणि समाज मात्र सह्या न करताच एकमेकांचे देणे लागतात. याहून जवळचा शब्द मराठीत आहे काय?

उत्तर : तत्त्वज्ञ रूसोच्या १७६२ सालच्या ग्रंथाने प्रसिद्ध केलेल्या सिद्धान्तासाठी ‘सामाजिक करार’ हाच शब्द ठेवावा. तो पाठ्यपुस्तकांत मुरला आहे आणि वाटतो तितका कोरडाही नाही. ‘करार’ अरबीतून फारसीमार्गे आला आणि त्याच्या मुळाशी स्थैर्य, ठरलेपणा हा अर्थ आहे. ‘बेकरार’मध्ये तोच मनाच्या स्वस्थतेचा होतो, आणि ‘करारी बाणा’ म्हणताना मुद्रांक कोणालाच आठवत नाही.

आपल्याला हवा असलेला दुहेरी बांधलेपणाचा भाव मात्र मला ‘कौल’ या शब्दात अधिक सापडतो. कौल म्हणजे दिलेला शब्द. मराठेशाहीत दुष्काळाने वा स्वाऱ्यांनी गाव ओस पडले, की सरकारातून रयतेला कौल दिला जाई : परत या, पडीक जमीन लागवडीस आणा, पहिल्या वर्षी सारा अल्प घेऊ, पुढे दरसाल चढवीत नेऊन ठरल्या वर्षी पुरा घेऊ. या चढत्या साऱ्याला ‘इस्तावा’ म्हणत. रयतेने आपल्या बाजूने लिहून द्यायची ती कबुलायत. शब्द मोडून जाच वाढला, तर कुळे परागंदा होत. ‘परागंदा’ या शब्दाने आज आपण केवळ वाताहत सुचवतो, पण तेव्हा गाव सोडून जाणे हा रयतेच्या हाती उरलेला शेवटचा उपाय होता, कारण कसणारे हातच गेले की साऱ्याचा आकडा कागदावरच राही. निवडणुकीनंतर आपण ‘जनतेचा कौल’ म्हणतो, तेव्हा कौल देणारा आणि घेणारा यांनी जागा बदललेल्या असतात. (कोकणात देवाला कौल लावतात, तेथेही अपेक्षा शब्द मिळण्याचीच असते.)

शेजाऱ्याशेजाऱ्यांतील देणेघेणे सांगायचे असेल, तर ‘पैरा’ किंवा ‘सावड’ पाहावा. ज्यांच्या दावणीला एकेकच बैल आहे असे दोन शेतकरी जोडी जुळवतात. आज एकाचे रान, उद्या दुसऱ्याचे. हिशेब तोंडी असतो, पण काटेकोर असतो, आणि ज्याला स्वतःला जाता येत नाही तो घरातले दुसरे माणूस धाडून पैरा फेडतो. ‘फेडणे’ हे कर्जाचे क्रियापद येथे आपोआप आले, हे मला फार बोलके वाटते. ‘बांधिलकी’ आणि ‘समाजऋण’ हे भाषणांतले लाडके शब्द यापुढे फिके पडतात. त्यांत व्यक्तीने समाजाचे काय द्यायचे ते येते, समाजाने तिचे काय द्यायचे ते येत नाही.

आक्षेप : कौल आणि पैरा यांचे हे चित्र मला जरा गोजिरवाणे वाटते. ज्याला गाव सोडण्याची मुभा आहे आणि ज्याच्या दावणीला निदान एक बैल आहे, त्याचेच हे शब्द आहेत. त्याच गावात महार वतनदाराला बलुत्याच्या व इनाम जमिनीच्या मोबदल्यात सरकारची आणि गावाची कामे वंशपरंपरेने करावी लागत. कामाच्या वेळेला सीमा नसे, आणि बोलावणे आले की घरातल्या कोणाला तरी जावेच लागे. त्याचे बलुतेही कागदावर ‘हक्क’च होते. या वतनाला डॉ. आंबेडकर गुलामगिरी मानत आणि १९२८ साली १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक त्यांनी मुंबई विधिमंडळात मांडले, ते देणेघेणे मुळीच नव्हते म्हणून नव्हे; ते होते, पण त्यातून बाहेर पडण्याची वाट नव्हती. ‘करार’ या शब्दात निदान संमती गृहीत धरलेली असते.

उत्तर : आक्षेप मान्य आहे, आणि त्यामुळे माझ्या पहिल्या उत्तरात एक दुरुस्ती करतो. जेथे संमतीचा प्रश्न आहे, तेथे ‘करार’च लिहावे, ‘कौल’ इतिहासाच्या संदर्भात आणि ‘पैरा’ समान बळाच्या माणसांपुरता वापरावा. बलुतेदारीला मात्र ‘गावाचा सामाजिक करार’ म्हणण्याची जी लकब काही लेखांत दिसते, ती भाषांतरात आल्यास सरळ खोडावी आणि तेथे ‘चाकरी’ लिहावे.