मदत हवी आहे: आश्रय अर्जाच्या सीओआय कामात एआय कितपत चालेल?

प्रश्न:
पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रिया देशातल्या सक्तीच्या राष्ट्रीय सेवेवर सीओआय टिपण, म्हणजे मूळ देशाच्या परिस्थितीची माहिती, लिहायचं आहे. चॅटबॉट म्हणतो, 'सेवा 18 महिन्यांची'. सोबत तीन संदर्भ. एक लिंक उघडतच नाही, दोन अहवाल खरे निघाले. तेवढ्यावर भागेल का? आणि अर्जदाराच्या मुलाखतीची नोंद चॅटबॉटला दिली तर चालेल का?

प्रतिसाद १:
मुलाखतीची नोंद अजिबात देऊ नका. नाव खोडलं तरी गाव, लष्करी तुकडी आणि पळाल्याची तारीख यावरून माणूस ओळखू येतो. मागे राहिलेल्या घरच्यांच्या जिवावर बेतू शकतं. प्रश्न तुम्हीच काढा आणि ते देशाबद्दलचे ठेवा: कायदा काय म्हणतो, प्रत्यक्षात काय चालतं, पळालेला परतला तर त्याचं काय होतं.

18 महिने हा 1995 च्या कायद्यातला आकडा आहे: 6 महिने प्रशिक्षण, 12 महिने सेवा. इथिओपियाशी 1998 ते 2000 युद्ध झालं आणि 2002 पासून सेवा बेमुदत लांबत गेली. चॅटबॉटचं वाक्य कायद्यापुरतं बरोबर आहे, म्हणून तर ते जास्त घातक. 'दहा वर्षं सेवेत होतो' असं खरं सांगणारा अर्जदार त्या एका वाक्याने खोटा ठरेल.

प्रतिसाद २:
दोन्ही अहवालांच्या तळटीपा उघडून बघा. दोघांनी एकाच तिसऱ्या अहवालातून उचललं असेल तर तुमच्या हातात स्रोत एकच आहे. मूळ कागद गाठा. ऑस्ट्रियन रेड क्रॉसच्या अकॉर्ड विभागाचं इकॉय डॉट नेट आणि यूएनएचसीआर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं रेफवर्ल्ड, या देशांविषयीच्या अहवालांच्या संग्रहांपासून सुरुवात करा. अहवाल कधी छापला आणि त्यातली माहिती कोणत्या काळाची, या दोन तारखा वेगळ्या नोंदवा. गल्लत बहुतेक इथेच होते. न उघडणारी लिंक त्याच शीर्षकाने शोधा, नाही मिळाली तर तो संदर्भ काढून टाका.

एआय शोधशब्द सुचवायला, नावांची वेगवेगळी स्पेलिंगं काढायला उपयोगी पडतं. तिग्रिन्या (एरिट्रियातली एक भाषा) मजकुराचं यांत्रिक भाषांतर 'हे वाचण्याजोगं आहे का' एवढं ठरवण्यापुरतं वापरा. उद्धृत करायचं तर भाषा जाणणाऱ्याकडून तपासून घ्या. कोणतं साधन, कधी, काय विचारलं, हे टिपणात लिहा.

प्रश्नकर्ता:
आणि एखाद्या मुद्द्यावर काहीच सापडलं नाही तर 'असं घडत नाही' असं लिहू का?

प्रतिसाद १:
नका लिहू. तिथली खासगी वृत्तपत्रं 2001 मध्ये बंद केली गेली, त्यामुळे घडलेलंही बाहेर येत नाही. 'अमुक स्रोतांत, अमुक शब्दांनी, अमुक तारखेपर्यंत शोधलं. माहिती आढळली नाही' एवढंच लिहा.