मुलीच्या पोटगीत कर्जाचा हप्ता वजा होतो का?

प्रश्न : सात वर्षांच्या मुलीसाठी मी कौटुंबिक न्यायालयात अंतरिम पोटगीचा अर्ज केला आहे. पतीच्या पगारपत्रकात कर्जाचे हप्ते वजा जाऊन हाती फारच थोडे उरते, असे दिसते. न्यायालय तीच रक्कम धरते का?

प्रतिसाद १ : नाही. प्राप्तिकरासारखी सक्तीची कपात साधारणपणे वजा धरली जाते, परंतु स्वतःहून घेतलेल्या कर्जाचे हप्ते दाखवून मुलीच्या हक्काची रक्कम घटवणे न्यायालये सहसा मान्य करत नाहीत. कायद्यात ठरावीक टक्केवारी नाही. रजनीश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन्ही पक्षांना मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असेही सांगितले. पतीचे प्रतिज्ञापत्र ओळ न् ओळ वाचा.

प्रतिसाद २ : मी दोनशे पानी वहीत शाळेची फी, रिक्षाचे भाडे, दम्याचा पंप असा महिनावार खर्च लिहून समोरच्या पानावर पावत्या चिकटवल्या होत्या. माझ्या वकिलांनी त्यावरूनच तक्ता केला. तोंडी अंदाजापेक्षा हे फार उपयोगी पडते, ताई.

प्रतिसाद ३ : तुम्हालाही पगार असेल तर तो लपवू नका, आई पुरेसे कमावत असल्यास मुलांचा खर्च दोघांत उत्पन्नाच्या प्रमाणात विभागता येतो. अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली असेल, तर थकलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो.