‘परत पाठवा’ म्हणजे माघारी की पुन्हा?

काना: अर्ज तपासण्याच्या एका प्रणालीचं मराठीकरण करतोय. पडद्यावर दोन बटणं शेजारीशेजारी आहेत, ‘परत पाठवा’ आणि ‘पुन्हा पाठवा’. पहिल्याने त्रुटी असलेला अर्ज अर्जदाराकडे जातो, दुसऱ्याने न पोचलेला संदेश आणखी एकदा जातो. मला फरक स्वच्छ दिसत होता. चाचणीला बसलेल्या बाईंनी मात्र संदेशासाठी ‘परत पाठवा’ दाबलं आणि धडधाकट अर्ज निघून गेला. म्हणाल्या, ‘परत म्हणजे पुन्हाच ना?’ मी तर परत म्हणजे माघारी असंच धरून चाललो होतो. चुकतंय कोण?

वेलांटी: बाईंचं काही चुकलं नाही. ‘परत सांग’, ‘परत असं करू नकोस’ यात माघारी कुठे आहे? ‘परत या’ तर दोन्हीकडे झुकतं. रुसून निघालेल्याला म्हटलं तर माघारी या, निरोप घेणाऱ्या पाहुण्याला म्हटलं तर पुन्हा या. आमची आजी ‘परत’ फक्त माघारी या अर्थाने वापरायची, पुन्हासाठी ‘फिरून’ म्हणायची. आता ‘फिरून पाठवा’ लिहिलं तर कोणाला कळेल?

दंड: ही बोलण्यातली ढिलाई आहे. परतफेड, परतावा, परतीचा प्रवास, सगळीकडे दिशाच आहे. ‘पुन्हा’ हा ‘पुनः’वरून आलेला नेमका शब्द हाताशी असताना ‘परत’वर दुहेरी ओझं कशाला? नेमके शब्द समोर ठेवले की लोक शिकतात. सावरकरांचा ‘दिनांक’ नाही रुजला?

वेलांटी: अर्जावर रुजला. तोंडात अजून तारीखच आहे. शिवाय बटण दाबणारा शिकायला आलेला नसतो. शब्दाला दोन अर्थ असतील तर त्या क्षणी मनात असेल तोच त्याला दिसतो. बाईंच्या मनात संदेश होता.

मात्रा: मी प्रोग्रॅमिंग करते, म्हणून वेगळ्या बाजूने सांगते. भांडण ‘परत’चं नाहीच, कर्म गाळल्याचं आहे. काय पाठवायचं आणि कोणाकडे, ते लिहा: ‘अर्ज दुरुस्तीला पाठवा’ आणि ‘संदेश पुन्हा पाठवा’. मग ‘परत’ लागतच नाही. आणि ही बटणं शेजारी नकोत. संदेशाचं बटण संदेशाजवळच हवं.
‘उघडा’चाही असाच घोळ झाला होता. इंग्रजीत ‘ओपन’ आज्ञाही आणि अवस्थाही. गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनात संदर्भ दिला नाही तर दोन्हींना एकच भाषांतर मिळतं. तक्रारींच्या यादीत स्थिती म्हणून ‘उघडा’ छापून आलं आणि लोक त्यावर टिचक्या मारत बसले. तिथे ‘प्रलंबित’ केलं.

दंड: ‘प्रलंबित’ उत्तम.

काना: कर्माचं पटलं. पण अर्ज पाठवण्याआधी एक चौकट येते: ‘ही क्रिया रद्द करायची आहे का?’ खाली ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’. कुठलं दाबल्यावर काय होतं ते मलाच दर वेळी थांबून बघावं लागतं.

मात्रा: ‘अर्ज दुरुस्तीला पाठवायचा का?’ असं सरळ विचारा. खाली ‘हो, पाठवा’ आणि ‘नको, राहू द्या’. प्रश्नातलं क्रियापदच उत्तरात हवं.

अनुस्वार: गंमत बघा, ‘रद्द’ अरबीतून आला आणि तिथे त्याचा मूळ अर्थच परत पाठवणे, फिरवणे असा आहे. म्हणजे काना यांच्या चौकटीत प्रश्नातही ‘परत’ आणि बटणावरही ‘परत’च आहे! ‘रद्दी’ही त्याच घरातली.

दंड: मग काढाच तो. राज्यव्यवहारकोश शिवकाळात झाला तो फारसी शब्दांना पर्याय द्यायलाच.

वेलांटी: आणि तरीही अर्ज, रद्द, तारीख टिकून आहेत. ‘निरस्त करा’ लिहून बघा, मदत केंद्राचा फोन थांबणार नाही.

अनुस्वार: ‘रद्द’ आणि ‘बाद’ तरी कुठे एक आहेत? सभा रद्द होते, मत बाद होतं. उलटं म्हणून बघा, कानाला खुपतं. रद्द ते, जे ठरलं होतं आणि आता होणार नाही. बाद ते, जे झालंय पण मोजायचं नाही.

वेलांटी: आणि ‘तहकूब’? सभा तहकूब झाली तर ती पुढे होते.

मात्रा: मग अर्धवट भरलेल्या अर्जावर ‘रद्द करा’ का असतं? बरेच जण नंतर येऊन उरलेला भरणार असतात. तो अर्ज तहकूबच म्हणायचा.

दंड: ‘स्थगित’ म्हणा.

अनुस्वार: स्थगिती वरून येते, तहकुबी आपण करतो.