सन हाऊस ऐकून बघा
पंचवीस वर्षांनी परतलेल्या गायकात पूर्वीचा दम राहत नाही, असं काही जण म्हणतात. मला पटत नाही. सन हाऊस या अमेरिकन ब्लूज गायकाचंच घ्या. १९३० साली पॅरामाउंट या रेकॉर्ड कंपनीसाठी गायला, १९४२ नंतर जवळजवळ गायब. १९६४ मध्ये चाहत्यांनी त्याला अमेरिकेतल्या रोचेस्टर शहरात शोधून काढलं, तेव्हा तो स्वतःचीच गाणी विसरला होता. विशीतल्या अ‍ॅलन विल्सन या गिटारवादकाने ती त्याच्याकडून पुन्हा बसवून घेतली! मग १९६५ मध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीकडून त्याचा अल्बम आला. त्यातलं 'ग्रिनिन इन युअर फेस' हेडफोन लावून ऐका. गिटार नाहीच, नुसत्या टाळ्या आणि साठी उलटलेला आवाज. टाळी मधेच लयीत किंचित मागेपुढे होते, तो मात्र गातच राहतो. माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.