कपाटातली फिक्स फळी कोणी काढली का? अनुभव टाका

राजेहो, किचनमधल्या सनमायक्याच्या कपाटात मधली फळी फिक्स आहे आन् तुरीच्या डाळीची कोठी काही मावत नाही. मिस्तरी म्हणते हात नका लावू, सारं कपाट खराब होईन. ज्यानं काढली असन त्यानं सांगा, फसली असन तरी सांगा.

दारव्हा: आमचं रेडिमेड, पार्टिकल बोर्डाचं. मी खालून हाणला हातोडा, फळी जागची हलली नाही पण बाजूचा सनमायका टिचला. मंग पोट्टं म्हणते बाबा बाहेरून ह्या गोल टिकल्या कायच्या? सनमायक्याच्याच रंगाच्या होत्या, नखानं काढल्या त खाली स्क्रू! चार स्क्रू, पाच मिनिटं. टिचलेलं तसंच आहे, बायको पाहुण्यायले दाखवते.

आर्वी: घरी सुतारानं बनवलं असन त स्क्रू दिसतच नाही भाऊ, खिळे ठोकून वरून सनमायका चिकटवते. मी लोखंड कापाचं हॅक्सॉ पातं घेतलं, फ्रेम नाही, नुसतं पातं, एका टोकाले चिंधी गुंडाळली आन् फळी आन् बाजूच्या मधात घालून खिळे कापत बसलो. बाजूले पेंटरची कागदी टेप लावली म्हणून ओरखडे नाही आले. दोन पाती तुटली, त्यात लाईन गेली, कुलर बंद, मे महिना. विचारू नका.

दर्यापूर: एवढी मेहनत काहून? फळी मधातून कापा, दोन तुकडे झाले की एकेक हळूहळू वरखाली हलवा, फेविकॉल सोडते. घाई केली त बाजूचं सालपट घेऊन येते. माह्यं आलं. भुसा आन् फेविकॉल कालवून भरलं.

पुसद: माह्यी फळी मस्त निघाली, दोन महिन्यानं दारच लागेना! तेच फळी दोन्ही बाजू धरून होती, सहा फुटी कपाट, बाजूचं पोट बाहेर आलं. आता मागून आडवी पट्टी ठोकली, एल अँगल लावून.

दारव्हा: हे त आमच्या ध्यानातच नाही आलं, उद्या दार पाह्यतो.

मीच धागेवाला: बाहेरून टिकल्या नाही, म्हणजे खिळेच. पुसदवाल्या भाऊचं वाचून मोजाचा टेप घेऊन बसलो. कपाट 20 इंच खोल, कोठी 14 इंची. मंग सगळी काढाची कायले? मागची 4 इंच ठेवतो, पुढची कापतो. कापल्या जागी पट्टी कोणती लावू तेवढं सांगा.