टॉनिकनेच मणी फुगतात, हे तपासायचं कसं?

निफाडकर_द्राक्षवाला
मंडळी, गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) तोंडावर आलीय आणि आमच्या घरात नेहमीचा वाद पेटलाय. तात्या थॉमसन द्राक्षांच्या बागेला एक ठरावीक टॉनिक देतात. मणी ज्वारीएवढा झाला की पहिला हात, मग थोड्या दिवसांनी दुसरा. माल टपोरा निघाला की "बघ, टॉनिक!" बारीक राहिला की "कुंदेवाडीचा पारा उतरला त्याला टॉनिक काय करणार" किंवा "तू डोस लेट दिलास". थोडक्यात, टॉनिक कधी नापास होतच नाही.

तात्यांचं सोडा. मलाही ते लागू पडतं असंच वाटतं, खरी पंचाईत ती आहे. आमच्या बागेत शिरलो की नजर मोठ्या घडांवर जाते. शेजारी टॉनिक देत नाहीत, त्यांच्या बांधावरून गेलो की बारके घड दिसतात. दोन्ही बागांत दोन्ही प्रकारचे घड असणारच ना? मग आपलंच मत आपण तपासायचं कसं?

सातपूरचा_शहाणा
तपासायचं काय त्यात? टॉनिक म्हणजे रंगीत पाणी. दुकानदाराचं कमिशन सुटतं, बस. बंद कर.

आकडेवाल्या_मॅडम
सातपूरकर, तुम्ही तरी कुठे तपासलंत? तात्यांना गुण दिसतो, तुम्हाला कमिशन दिसतं. बाग कोणीच मोजलेली नाही.

पीटर वेसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली एक प्रयोग छापला. लोकांना सांगितलं, २-४-६ हे तीन आकडे माझ्या मनातल्या नियमात बसतात. तुम्ही आणखी त्रिकुटं सुचवा, मी फक्त हो किंवा नाही म्हणेन. खात्री झाली की नियम सांगा. बहुतेकांच्या मनात "दोन-दोनने वाढणारे" बसलं, आणि त्यांनी ८-१०-१२ सारखीच त्रिकुटं विचारली. दरवेळी हो. प्रत्यक्षात नियम एवढाच होता, की आकडे चढते हवेत. १-२-५० सुद्धा चाललं असतं. पण आपला अंदाज ज्याने मोडेल असं त्रिकुट विचारायचं फारसं कोणाला सुचलं नाही. २९ जणांपैकी पहिल्याच घोषणेत बरोबर नियम सांगणारे ६.

तुमच्याकडे सगळ्या बागेला टॉनिक देणं म्हणजे दरवर्षी ८-१०-१२ विचारणं. टॉनिक न दिलेली ओळ हे तुमचं १-२-५०. ती असल्याशिवाय टॉनिकला नापास व्हायची संधीच नाही.

शेजाऱ्याच्या बागेशी तुलना नको. माती वेगळी, खुंट (ज्यावर वेलीचं कलम केलेलं असतं तो) वेगळा, छाटणीची तारीख वेगळी. आपल्याच प्लॉटमध्ये ओळींच्या जोड्या लावा आणि प्रत्येक जोडीत टॉनिक कुठल्या ओळीला, हे चिठ्ठी टाकून ठरवा. स्वतः निवडलंत तर हात आपसूक चांगल्या ओळीकडे जातो. चिठ्ठीची ही शिस्त शेतातलीच आहे बरं का. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती केंद्रात रुजू झाले, तिथल्या पिकांच्या चाचण्यांवर काम करताना त्यांनी ती बसवली.

आणि मोजणाऱ्याला ओळ कुठली ते कळता कामा नये. नाहीतर जाडी मोजायचा कॅलिपर आपोआप मोठ्या मण्याला लागतो.

दिंडोरी_बागायतदार
मॅडमचं पटलं, पण कागदावर. ब्लोअर लावला तर फवारा शेजारच्या ओळीवर उडणारच. जोडीतल्या दोन ओळींमध्ये एक ओळ मोकळी सोड आणि पाठीवरच्या पंपाने मार. ज्यांना टॉनिक नाही त्यांनाही तेवढंच साधं पाणी मार. कडेच्या ओळी घेऊ नको, त्यांना ऊन-वारा वेगळा लागतो.

अजून एक, याच्यात हमखास घोळ होतो. विरळणी, म्हणजे घडातले जास्तीचे मणी काढणं! पेठ-सुरगाण्याच्या मजुरांच्या दोन टोळ्या असतील तर एक घड मोकळा करते, दुसरी दाट ठेवते. टॉनिकच्या ओळी एकीला आणि बाकीच्या दुसरीला गेल्या, तर तू टॉनिक नाही, टोळी मोजतोयस. जोडीतल्या दोन्ही ओळी एकाच टोळीला दे. जीएचं डीपिंग (जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात घड बुडवणं), गर्डलिंग (खोडाच्या सालीची रिंग काढणं) पण दोन्हीकडे सारखंच.

निफाडकर_द्राक्षवाला
हे जमेल. पण तात्या? निकाल उलटा आला तर म्हणतील, यंदा पाऊसच विचित्र होता.

आकडेवाल्या_मॅडम
पाऊस दोन्ही ओळींवर सारखाच पडेल, जोडी लावायची ती त्यासाठीच. तरी वाद होईल, म्हणून आधीच विचारून ठेवा: "तात्या, सरासरी मणी किती एमएमने मोठा निघाला तर टॉनिक पास?" आकडा त्यांच्याच हाताने वहीत लिहून घ्या. तुमचाही लिहा. तोडणीच्या वेळी सुचलेली कारणं धरायची नाहीत.

आणि मताविरुद्ध काही दिसलं की तिथल्या तिथे टिपा. डार्विन हे कटाक्षाने करायचा. नावडत्या गोष्टी डोक्यातून लवकर निसटतात, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

सातपूरचा_शहाणा
माझा पण आकडा लिहा. शून्य.

निफाडकर_द्राक्षवाला
लिहिला. तात्यांनी दोन एमएम लिहिलाय, मी अर्धा. चिठ्ठ्या तात्याच काढणार म्हणतात, काढू देत. मोजायला मेव्हण्याला बोलावतोय, त्याला द्राक्षातलं ओ की ठो कळत नाही.

दिंडोरी_बागायतदार
मेव्हण्याला सांग, प्रत्येक घडाचा वरचा, मधला आणि शेंड्याचा मणी धर. सगळे घडाच्या खांद्यावरचेच, म्हणजे वरचेच, धरले तर तिघांचेही आकडे चुकतील.