अणूची सगळी मॉडेल्स चुकलेलीच, मग पोरांना शिकवायची कशाला?

गल्ली_नंबर_आठ
नमस्कार मंडळी. पोरगी आठवीत हाय, विज्ञानात अणूचा धडा चालू हाय. काल जेवताना तिनं विचारलं, पप्पा, डाल्टन म्हणाला अणू फुटत नाही, ते चुकलं, थॉमसन म्हणाला लाडवात मनुके तसे इलेक्ट्रॉन, ते पण चुकलं, मग रदरफोर्ड, त्याच्यात पण त्रुटी, आणि बोरचं म्हणे अकरावीत गेल्यावर सोडून द्यायचं, मग चुकलेलं पाठ कशाला करायचं? मला काय उत्तर देता आलं नाही. मी कॉमर्सवाला, शिरोली एमआयडीसीत अकाउंट बघतो. रात्री यूट्यूबवर बघत बसलो तर अजून गोंधळ, तिथं कुणी परमाणु म्हणतंय, कुणी अणु. पेपरात येतंय म्हणून कर असं तिला सांगायचं नाही मला, तिला खरंच कळून घ्यायचंय. कुणी नीट सांगेल काय?

रंकाळ्याचा_वारा
यूट्यूबचा गोंधळ सोपा हाय भावा. हिंदीत ॲटमला परमाणु म्हणतात आणि मॉलिक्यूलला अणु. आपल्या मराठीत ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. त्यामुळं हिंदी व्हिडिओ बघताना पोरं हमखास अडकतात, तेवढं तिला आधी सांगा.

फिजिक्स_शिकवतो
दादा, पोरीचा प्रश्न एक नंबर हाय. मी बारा वर्षं ज्युनियर कॉलेजला शिकवतोय, माझ्या वर्गात हा प्रश्न येतो तेव्हा मी धडा बाजूला ठेवतो.

तिला एवढंच विचारा, थॉमसनचं चुकलं हे कळलं कशावरून? १८९७ ला त्यानं इलेक्ट्रॉन शोधला, हायड्रोजनच्या अणूपेक्षा जवळजवळ अठराशे पटीनं हलका. म्हणजे अणूच्या आत काहीतरी हाय हे पक्कं झालं. मग १९०४ ला त्यानं मॉडेल मांडलं, धन भार सगळ्या अणूभर पसरलेला आणि त्यात इलेक्ट्रॉन. लाडवातले मनुके गप बसून असतात, त्याचे इलेक्ट्रॉन मात्र रिंगणात फिरत होते, आणि किती इलेक्ट्रॉन असले की किती रिंगणं होतील याचं त्यानं गणित केलेलं. हे पुस्तकात येत नाही म्हणून पोरांना वाटतं त्यानं उगंच काहीतरी कल्पना केली.

आता भार असा पसरलेला असेल तर सेकंदाला हजारो किलोमीटर वेगानं येणारा अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थातनं सुटणारा धन भाराचा कण) त्यातनं जरासा वाकून पार जायला पाहिजे, त्याला मागं ढकलण्याएवढा जोर कुठंच गोळा झालेला नाही. हे आधी माहीत होतं म्हणून तर १९०९ ला मँचेस्टरमध्ये रदरफोर्डच्या हाताखालच्या गायगर आणि मार्सडेनला धातूच्या पत्र्यावर अल्फा कण सोडताना जे दिसलं त्याचं नवल वाटलं. मार्सडेन तेव्हा वीस वर्षांचा विद्यार्थी. अंधाऱ्या खोलीत बसून, कण आदळला की पडद्यावर होणारे बारीक चमकारे डोळ्यांनी मोजायचे. प्लॅटिनमच्या पत्र्यावर मोजलं तेव्हा साधारण ८००० कणांमागं एक उलटा फिरत होता. थॉमसनचं मॉडेलच नसतं तर त्या एका कणाकडं कोण बघणार होतं?

त्या एका कणावरनं रदरफोर्डनं १९११ ला सांगितलं की भार मधोमध एका बारक्या जागेत, म्हणजे आपण ज्याला केंद्रक म्हणतो तिथं, गोळा झालाय. आणि बघा, त्या लेखात तो भार धन की ऋण हे त्यानं ठरवलेलं नाही, कारण गणित दोन्हीकडनं जुळत होतं. जेवढं मोजमापातनं निघतंय तेवढंच बोलला. मला हे लै आवडतं.

केंद्रक केवढं ते सांगायला तिला खासबागच्या कुस्ती मैदानात न्या. कुस्तीच्या हौद्याच्या मधोमध ज्वारीचा एक दाणा ठेवा. तो सोन्याच्या अणूचं केंद्रक धरला तर अख्खा अणू साधारण ८० मीटर व्यासाचा होतो, आणि वजन जवळजवळ सगळं त्या दाण्यात.

गल्ली_नंबर_आठ
सर, हे तिला वाचून दाखवलं, दोनदा वाचायला लावलं. आता म्हणतीय, मग रदरफोर्डचं कुठं अडलं?

फिजिक्स_शिकवतो
इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती फिरत असेल तर प्रकाश बाहेर टाकत ऊर्जा घालवत बसणार आणि सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आत केंद्रकात जाऊन पडणार. म्हणजे तुम्ही, मी, जेवणाचं ताट, काहीच टिकलं नसतं. १९१३ ला बोरनं म्हटलं, ठराविक कक्षांमध्येच इलेक्ट्रॉन राहतो आणि तिथं असताना प्रकाश टाकत नाही, एका कक्षेतनं दुसऱ्या कक्षेत उतरताना टाकतो. असं का, हे त्याला पण सांगता येत नव्हतं. पण त्याच्या आधी २८ वर्षं, १८८५ ला बामर नावाच्या बाझेलच्या शाळामास्तरनं हायड्रोजनचा प्रकाश रंगांत फोडला की दिसणाऱ्या चार रेघांसाठी आकड्यांची जुळवाजुळव करून एक सूत्र काढलेलं, ते का बरोबर येतंय कुणालाच कळत नव्हतं. बोरच्या कक्षांमधनं तेच सूत्र आपोआप निघालं. लाल रेघ ६५६ नॅनोमीटर तरंगलांबीची, तिसऱ्या कक्षेतनं दुसऱ्या कक्षेत उतरताना येते. हेलियमपाशी मात्र गाडी अडली, तिथं दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना पण ढकलतात, त्याचा हिशोब बोरच्या कक्षांमध्ये काय बसला नाही. १९२६ ला इलेक्ट्रॉनला लाट धरून गणित करणारं श्रोडिंजरचं समीकरण आलं तेव्हा कुठं वाट सापडली.

रंकाळ्याचा_वारा
रेघा घरात पण दिसतात की. जुना सीएफएल बल्ब असेल तर रात्री बाकीचे दिवे बंद करा आणि सीडी तिरकी धरून त्यात बघा, रंग सलग न दिसता तुटक दिसतात. निळी-जांभळी असते ती पाऱ्याच्या वाफेची. साधा पिवळा फिलामेंटचा बल्ब लावला तर सलग पट्टा येतो. दोन्ही एकापाठोपाठ दाखवा.

गल्ली_नंबर_आठ
सीएफएल माळ्यावर सापडला, सीडी शेजारच्या काकूंकडनं आणली, त्यांच्या लग्नाची होती, जपून वापरली. निळी-जांभळी दिसली सर! पोरगी अर्धा तास सोडंना. आता वहीत डाल्टनपासनं सगळ्यांपुढं एकेक रकाना आखलाय, "कशामुळं कळलं" म्हणून. डाल्टनच्या पुढचा रकाना भरलाय, थॉमसनचा चाललाय.